परदेशी विद्यापीठात शिकायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात शिकायला निघालेल्या मुलामुलींकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे साधे आहेत, पुढचे अडचणीचे. बहुतेक गोंधळाचं मूळ एकच असतं, ते आधीच सांगते: प्रवेश विद्यापीठ देतं, पण त्या देशात राहू देतं ते सरकार. दोघांचे नियम वेगळे, तारखा वेगळ्या, आणि एकाने हो म्हटलं म्हणून दुसरा बांधलेला नसतो. खालचे आकडे २०२५ पर्यंतच्या नियमांप्रमाणे आहेत. पैसे भरण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते एकदा पडताळून घ्या.

१. तयारी नेमकी कधी सुरू करायची?

वर्ग सुरू होण्याच्या साधारण पंधरा महिने आधी. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, पण उलटी मोजणी करून पाहा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडात मुख्य सत्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतं. जर्मन विद्यापीठांत हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला आणि उन्हाळी १ एप्रिलला, तर ऑस्ट्रेलियात वर्षाची सुरुवात फेब्रुवारीच्या आसपास. व्हिसाला दोन-तीन महिने धरा. त्याआधी विद्यापीठाचा निर्णय यायला दोन ते चार महिने. त्याआधी अर्ज, त्याआधी शिफारसपत्रं आणि भाषेची परीक्षा, आणि ती परीक्षा पुन्हा द्यावी लागली तर तेवढी मोकळी जागा.

काही तारखा फार लवकर येतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि ब्रिटनमधल्या बहुतेक वैद्यकीय पदव्यांसाठी युकासवरचा (तिथल्या सामायिक प्रवेश-संकेतस्थळावरचा) अर्ज आदल्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरपर्यंत जावा लागतो. जर्मनीत बऱ्याच अभ्यासक्रमांची शेवटची तारीख १५ जुलै असते, पण परदेशी अर्जदारांसाठी ती अनेकदा आणखी अलीकडे ओढलेली असते. म्हणून अभ्यासक्रमाच्या पानावरची तारीखच खरी माना.

२. आधी देश ठरवू की अभ्यासक्रम?

अभ्यासक्रम. देश हा त्यानंतरचा निर्णय आहे, कारण एकाच नावाची पदवी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. इंग्लंडमध्ये बॅचलर्स बहुधा तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार. ब्रिटनमध्ये मास्टर्स एका वर्षात उरकते, जर्मनी आणि अमेरिकेत बहुधा दोन वर्षं लागतात. अमेरिकेत पदवीला प्रवेश घेऊन मुख्य विषय नंतर ठरवता येतो. ब्रिटनमध्ये अर्जच विषयासाठी असतो. ज्याला अजून कळलेलं नाही की आपल्याला अर्थशास्त्र आवडतं की मानसशास्त्र, त्याने हा फरक नीट तोलावा. विद्यापीठाचा क्रमांक पाहण्याआधी प्रत्येक सत्रात कोणते विषय आहेत, किती प्रकल्प आहेत आणि शिकवणारे काय संशोधन करतात ते वाचा. क्रमांक संपूर्ण विद्यापीठाचा असतो आणि तुम्ही शिकणार एका विभागात.

३. विद्यापीठ खरं आहे की नाही, हे घरबसल्या कसं ओळखायचं?

सरकारच्या यादीत त्याचं नाव शोधा. परदेशी विद्यार्थी घ्यायला संस्थेला वेगळी परवानगी लागते. ब्रिटनमध्ये परवानाधारक प्रायोजकांची नोंदवही आहे, कॅनडात 'डीएलआय' म्हणजे मान्य संस्थांची यादी, ऑस्ट्रेलियात 'क्रिकोस' नोंदणी आणि अमेरिकेत 'एसईव्हीपी' प्रमाणपत्र. यादीत नाव नसेल तर तिथल्या प्रवेशावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही.

तरी यादीत नाव असणं ही पहिली पायरी झाली. अमेरिकेत मिशिगनमध्ये फार्मिंग्टन नावाचं एक विद्यापीठ होतं. संकेतस्थळ, बोधचिन्ह, फी, सगळं होतं. वर्ग आणि शिक्षक मात्र नव्हते. ते तिथल्या सरकारनेच गैरप्रकार पकडण्यासाठी उभारलं होतं, हे जानेवारी २०१९ मध्ये उघड झालं आणि तिथे नाव नोंदवलेल्या अनेकांना अटक होऊन देश सोडावा लागला. वर्ग कधी भरतात, कोण शिकवतं, आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, या साध्या प्रश्नांची उत्तरं न देणाऱ्या संस्थेला एक पैसाही पाठवू नका.

४. माझे ७० टक्के तिथे किती धरले जातील?

प्रत्येक ठिकाणी वेगळे, म्हणून स्वतः रूपांतर करून अर्जात लिहू नका. मूळ गुण आणि गुणपद्धतीचा खुलासा द्या. हिशोब ते करतात.

फरक किती असतो ते पाहा. ब्रिटनमध्ये ७० टक्के म्हणजे 'फर्स्ट', तिथला सर्वोच्च वर्ग. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. तिथे परदेशी गुणांसाठी 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात: सर्वोच्च गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. कमाल १००, उत्तीर्ण ४० आणि तुम्हाला ७० असतील, तर ३० भागिले ६०, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.५. एखाद्या अभ्यासक्रमाला २.५ ची अट असेल तर तुम्ही अगदी उंबरठ्यावर आहात. ही आकडेमोड अर्ज पाठवण्याआधी घरी जरूर करा, पण ती फक्त अंदाजासाठी.

५. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालंय. तरी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल?

बऱ्याचदा हो. काही विद्यापीठं शिक्षणाच्या माध्यमाचं पत्र स्वीकारतात, पण सवलत विद्यापीठाने दिली म्हणजे व्हिसा कार्यालयानेही दिली असं नाही. दोन्हीकडे वेगवेगळं विचारा.

आयईएलटीएस आणि तशाच टोफेल परीक्षेचे गुण दोन वर्षं चालतात, मास्टर्स-पीएचडीच्या प्रवेशासाठीच्या जीआरईचे पाच वर्षं. बहुतेक ठिकाणी एकूण गुणांबरोबर प्रत्येक भागाचीही अट असते. एकूण ७ आहेत पण लेखनात ५.५, अशा अवस्थेत नकार आलेली मुलं दर वर्षी भेटतात. जर्मनीत जर्मन भाषेतून शिकायचं असेल तर साधारण सी-१, म्हणजे बरीच वरची पातळी लागते. टेस्टडाफ परीक्षेत चारही भागांत ४ मिळाले की बहुतेक विद्यापीठांचं दार उघडतं.

६. एसओपीत (हाच अभ्यासक्रम का, हे सांगणाऱ्या निवेदनात) काय लिहायचं? नमुना मिळेल का?

नमुना देत नाही, आणि तुम्हीही शोधू नये असं मनापासून वाटतं. वाचणारे प्राध्यापक एका मोसमात शेकडो निवेदनं वाचतात. 'लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं' ही सुरुवात त्यांना पाठ असते.

तीन गोष्टी हव्यात: तुम्ही आजवर नेमकं काय केलं, त्यातून कोणता प्रश्न तुमच्या डोक्यात राहिला, आणि तो पुढे नेण्यासाठी हाच अभ्यासक्रम का. ती 'हाच का' ची बाजू लिहिताना तिथल्या एखाद्या विषयाचं, प्रयोगशाळेचं नाव घेऊन बोला. एक कसोटी सांगते. विद्यापीठाचं नाव बदलून तोच मजकूर दुसरीकडे जसाच्या तसा पाठवता येत असेल, तर तो अजून झालेला नाही. गुण एखाद्या सत्रात घसरले असतील तर दोन ओळींत कारण सांगा आणि पुढे जा. माफीपत्र लिहू नका.

शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या माणसापेक्षा तुम्हाला शिकवलेल्या, तुमचं काम पाहिलेल्या माणसाकडून घ्या, आणि त्यांना किमान महिनाभर द्या.

७. एजंट म्हणतो, 'तुम्ही सही करा, बाकी आम्ही पाहतो'. चालेल का?

मदत घ्या, पण चाव्या देऊ नका. अर्जाचं खातं तुमच्या ईमेलवर, पासवर्ड तुमच्याकडे, आणि पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत तुमच्याजवळ. अर्जावर सही तुमची असते, त्यामुळे एजंटने घातलेल्या खोट्या कागदाचा दोषही तुमच्याच माथी येतो. कॅनडात २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांचं प्रकरण गाजलं. अनेक विद्यार्थी शिकून, नोकरीला लागून स्थायिक व्हायच्या टप्प्यावर होते, तेव्हा कळलं की काही वर्षांपूर्वी एजंटने दिलेलं पत्रच खोटं होतं. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून तिथलं सरकार प्रत्येक पत्राची संस्थेकडे खातरजमा करतं. तुम्हीही तेच करा: प्रवेशपत्र आलं की विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः ईमेल पाठवून विचारा.

आणि लक्षात ठेवा, बरेच एजंट विद्यापीठाकडून कमिशन घेतात. ते ज्या चार नावांची शिफारस करतात, ती कशामुळे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

८. ऑफर लेटर आलं. आता व्हिसा मिळणारच ना?

नाही. आधी ते पत्र सशर्त आहे का पाहा. 'अंतिम गुणपत्रिका दिल्यास', 'भाषेचे गुण आल्यास' अशी अट असेल तर ती पुरी होईपर्यंत व्हिसाचा कागद निघत नाही. हा कागद देशागणिक वेगळा: अमेरिकेत आय-२०, ब्रिटनमध्ये कॅस, ऑस्ट्रेलियात सीओई. कॅनडात प्रवेशपत्राबरोबर प्रांताचं अनुमतिपत्र लागतं. ही अट जानेवारी २०२४ मध्ये आली, आणि त्यातून कोणाला सूट आहे ते बदलत राहतं.

त्यानंतर सरकार आपल्या परीने तपासतं: पैसे आहेत का, शिकण्याचा हेतू खरा आहे का, आधीच्या शिक्षणाशी याचा मेळ बसतो का. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ पासून 'खरा विद्यार्थी' ही कसोटी आणली, तिथे हेच प्रश्न लेखी विचारतात. अभियांत्रिकीनंतर एखाद्याला स्वयंपाकशास्त्र शिकायचं असेल तर त्यात गैर काहीच नाही, पण का ते पटवून देता आलं पाहिजे.

९. खात्यात किती पैसे दाखवायचे? चार दिवसांसाठी कोणाकडून घेतले तर?

जर्मनीत 'बंद खात्यात' वर्षासाठी ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. ऑस्ट्रेलियात मे २०२४ पासून राहण्याच्या खर्चापोटी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात. कॅनडात १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्यासाठी ही रक्कम २२,८९५ कॅनेडियन डॉलर आहे, क्युबेक वगळून. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च याच्या वर.

ब्रिटनची अट रकमेइतकीच दिवसांचीही आहे. पैसे सलग २८ दिवस खात्यात असले पाहिजेत, आणि तो काळ अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आत संपलेला असला पाहिजे. मधल्या एका दिवशी रक्कम जराशी खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून.

उसने पैसे चार दिवस ठेवण्याचा बेत दोन्ही बाजूंनी घातक आहे. अचानक आलेली मोठी रक्कम अधिकाऱ्याच्या नजरेत भरते, त्याचा उगम विचारला जातो. आणि समजा व्हिसा मिळाला, तरी पैसे परत गेल्यावर परक्या देशात पहिल्या महिन्याचं भाडं कशातून देणार? दाखवायला सांगितलेली रक्कम हा सरकारने काढलेला जगण्याच्या खर्चाचा किमान अंदाज असतो. तो तुमच्याच उपयोगाचा आहे.

१०. जर्मनीत शिक्षण फुकट असतं म्हणतात, ते खरं का?

बहुतांश सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं. सत्रशुल्क मात्र भरावं लागतं. अपवादही आहेत: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशी फी सुरू केली. इतरत्रही वारं त्याच दिशेने आहे. स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये बाहेरच्यांना फी लावली. जुन्या लेखांवर विसंबू नका.

११. पूर्ण शिष्यवृत्ती मिळते का कोणाला?

मिळते. चेव्हनिंग ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या मास्टर्सचा पूर्ण खर्च देते. त्यासाठी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. जर्मनीची डाड, अमेरिकेची फुलब्राइट, युरोपीय संघाची इरास्मस मुंडुस या मोठ्या आहेत. इरास्मस मुंडुसमध्ये महिन्याला १,४०० युरो मिळतात आणि शिक्षण किमान दोन देशांत होतं. अमेरिकेत विज्ञान-अभियांत्रिकीच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ होऊन वेतनही मिळतं, म्हणून पैशांअभावी मास्टर्स अडलेल्यांनी थेट पीएचडीचा विचार करून पाहावा.

या शिष्यवृत्त्यांचे अर्ज बऱ्याचदा विद्यापीठाच्या अर्जाआधी बंद होतात. आणि मंजुरीसाठी आधी पैसे मागणारी शिष्यवृत्ती खोटी समजा.

१२. अर्धवेळ काम करून सगळा खर्च भागेल का?

फी भागणार नाही. जेवणखाण आणि भाड्याचा काही भाग निघू शकतो, तोही काम मिळाल्यावर. पहिले दोन-तीन महिने मिळकत शून्य धरून निघा.

मर्यादा अशा: अमेरिकेत सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि तेही विद्यापीठाच्या आवारात, बाहेरच्या कामाला वेगळी परवानगी. ब्रिटनमध्ये पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांना २० तास. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून आवाराबाहेर २४ तास. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस.

यात एक खाच आहे, ती विशेषतः ब्रिटनला जाणाऱ्यांनी वाचावी. सुट्टीत पूर्णवेळ काम चालतं, पण एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळा ही सुट्टी नसतेच. तेव्हा प्रबंध लिहायचा असतो, म्हणजे सत्र चालू आणि मर्यादा २० तासच. शिवाय तिथे आठवडा सोमवार ते रविवार मोजतात आणि सगळ्या कामांचे तास एकत्र धरतात. 'सरासरी २०' असा हिशोब नसतो. मालकाने आग्रह केला, सहकारी आजारी पडला, या कारणांनी एकविसावा तास माफ होत नाही, आणि त्याची किंमत मालक चुकवत नाही, तुम्ही चुकवता. ऑनलाइन कामाबद्दल प्रश्न २० पाहा.

१३. पोचण्याआधी घर कसं ठरवायचं? आगाऊ पैसे मागतात.

पहिल्या वर्षी शक्यतो विद्यापीठाचं वसतिगृह, आणि प्रवेश नक्की होताच त्याचा अर्ज. खासगी घरासाठी न पाहता पैसे पाठवू नका. 'मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो' हे ठगांचं ठरलेलं वाक्य आहे. घर मिळालं नाही तर दोन-तीन आठवड्यांची तात्पुरती सोय करून जा आणि तिथे पोचून शोधा.

जर्मनीत आणखी एक काळजी: राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी प्रमाणपत्र लागतं. 'राहा, पण नोंदणी नको' म्हणणारं घर स्वस्त वाटलं तरी घेऊ नका; राहण्याच्या परवान्याची कामं त्या नोंदणीवाचून अडतात.

१४. आरोग्य विमा काढलाच पाहिजे का? मी तर ठणठणीत आहे.

काढलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरला की सरकारी सेवा मिळते. ऑस्ट्रेलियात ओएसएचसी हा परदेशी विद्यार्थ्यांचा विमा सक्तीचा आहे. अमेरिकेत बहुधा विद्यापीठाची योजना असते. बाहेरची स्वस्त पॉलिसी घेण्याआधी ती विद्यापीठाला चालते का आणि जुन्या आजारांना लागू होते का ते वाचा.

जर्मनीत तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी विमा सवलतीत मिळतो. तो सोडून खासगी विमा घेतला तर शिक्षण संपेपर्यंत सरकारी योजनेत परतता येत नाही. महिन्याला थोडे युरो वाचवायला हा निर्णय घेऊन पुढे पस्तावलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

१५. पोचल्यावर पहिलं काम कोणतं?

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन हजेरी लावणं. अमेरिकेत आय-२० वरच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर प्रवेश मिळत नाही. पत्ता बदलला की तिथे १० दिवसांत कळवायचं. ऑस्ट्रेलियात ७ दिवसांत. बँक खातं आणि फोन नंतर झाले तरी चालतं.

१६. निबंधात 'चोरी' सापडल्याची नोटीस आली. मी तर माझ्याच शब्दांत लिहिलं होतं!

हा प्रश्न घेऊन येणारी बहुतेक मुलं प्रामाणिक असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आपण जिथे शिकलो तिथे पुस्तकातलं उत्तर नेमकं उतरवणं हे चांगल्या विद्यार्थ्याचं लक्षण मानलं गेलेलं असू शकतं. परदेशी विद्यापीठात तेच काम गुन्हा ठरतं. शब्द बदलले तरी विचार दुसऱ्याचा असेल तर त्याचं नाव द्यावंच लागतं. वाक्याची ठेवण तीच ठेवून मधले चार शब्द बदलणं हीसुद्धा चोरीच. स्वतःचा जुना निबंध दुसऱ्या विषयाला पुन्हा देणं, हेही चालत नाही. मित्राला 'फक्त बघायला' आपलं काम दिलं आणि त्याने उतरवलं, तर दोघेही अडकतात.

संगणकाने दाखवलेली साम्याची टक्केवारी हा निकाल नसतो. १५ टक्के साम्य संदर्भसूचीमुळेही येतं, आणि ४ टक्क्यांतही एखादा चोरलेला परिच्छेद असू शकतो. निर्णय माणूस घेतो. म्हणून नोटीस आली की घाबरून सगळं कबूल करू नका आणि रागाने सगळं नाकारूही नका. मसुदे, टिपणं, फाइलचा बदलांचा इतिहास गोळा करा, विद्यार्थी संघटनेच्या सल्लागाराला सोबत घ्या आणि सुनावणीला जा. पहिली चूक आणि अज्ञान असेल तर अनेक ठिकाणी समज देऊन किंवा निबंध पुन्हा लिहायला लावून प्रकरण मिटतं.

एआयच्या वापराबाबत एकच नियम सगळीकडे नाही. एकाच विभागात दोन प्राध्यापकांचे दोन नियम असतात. लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्यांच्या वाटेला मात्र जाऊच नका. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात हा धंदा कायद्याने गुन्हा आहे, आणि काम झाल्यावर 'विद्यापीठाला सांगू' अशी धमकी देऊन पुन्हा पैसे उकळण्याचे प्रकार होतात.

१७. एका विषयात नापास झालो. व्हिसा रद्द होईल?

एका विषयाने सहसा नाही. धोका असतो तो पुढे घाबरून केलेल्या गोष्टींत. अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. जड जाणारा विषय सोडला आणि क्रेडिट ९ वर आले, तर विद्यापीठाच्या दृष्टीने ती साधी बाब असते, पण सरकारच्या नोंदीत तुम्ही विद्यार्थी म्हणून अपात्र ठरता. आंतरराष्ट्रीय कार्यालयाची परवानगी विषय सोडण्याच्या आधी घ्यायची, नंतर नाही. प्राध्यापकाची सही पुरत नाही; त्यांना हे नियम बहुधा ठाऊकही नसतात.

जर्मनीत वेगळीच गाठ आहे. एका परीक्षेला सहसा तीनच संधी असतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदाही अपयश आलं तर नाव कमी होतं आणि त्याच अभ्यासक्रमाला जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा प्रवेश मिळत नाही. तयारी नसेल तर परीक्षेची नोंदणी मुदतीत मागे घ्या. ती संधी वाया जात नाही.

१८. मन लागत नाही, झोप उडाली आहे. घरी सांगायची लाज वाटते.

सांगा. पहिल्या सत्रात, विशेषतः अंधार लवकर पडणाऱ्या देशांतल्या हिवाळ्यात, हे फार जणांना होतं. तुम्ही कमी पडलात असा त्याचा अर्थ नाही.

विद्यापीठात समुपदेशक असतात, बहुधा मोफत, आणि तिथलं बोलणं गुप्त राहतं. ते व्हिसा कार्यालयाला कळवलं जात नाही. फक्त जिवाला धोका वाटला तर ते मदत बोलावतात. पहिली भेट मिळायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून अगदी असह्य होईपर्यंत थांबू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर भेटीची वाट न पाहता तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर आत्ता फोन करा.

अभ्यास झेपत नसेल तर कायद्यातच वाट आहे. अमेरिकेत डॉक्टरांच्या पत्रावर एका पातळीच्या शिक्षणात एकूण १२ महिन्यांपर्यंत कमी क्रेडिट किंवा पूर्ण विश्रांती घेता येते. कॅनडात संस्थेने मंजूर केलेली रजा १५० दिवसांपर्यंत चालते. दोन्हीकडे मंजुरी आधी (प्रश्न १७ मधलंच कारण). न सांगता वर्गात जाणं बंद करणं हा एकच मार्ग टाळा.

१९. गेल्यावर विद्यापीठ बदलता येतं का?

येतं, पण आधी सरकारी बाजू उलगडा. अमेरिकेत जुनं विद्यापीठ तुमची सेविसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली) नोंद नव्याकडे सोपवतं, त्याची तारीख ठरवून घ्यावी लागते. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून संस्था बदलायची तर नवा स्टडी परमिट लागतो. ऑस्ट्रेलियात मुख्य अभ्यासक्रमाचे पहिले सहा महिने जुन्या संस्थेच्या मोकळीक-पत्राशिवाय हलता येत नाही. ब्रिटनमध्ये कॅस त्या एका संस्थेपुरतंच असतं; नवी संस्था म्हणजे साधारणपणे नवा अर्ज.

२०. माझ्या देशातल्या गिऱ्हाइकासाठी खोलीत बसून लॅपटॉपवर काम केलं तर कोणाला कळतंय?

कळतं की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. काम कुठे बसून केलं हे पाहतात, पैसे कुठून आले हे नाही. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे, मग तो दोन तासांचा का असेना. अमेरिकेत परवानगीशिवाय केलेलं काम पुढच्या प्रत्येक अर्जाला आडवं येऊ शकतं. कॅनडात मात्र बाहेरच्या देशातल्या मालकासाठी केलेलं दूरस्थ काम २४ तासांत धरत नाहीत. म्हणजे मित्राला दुसऱ्या देशात चाललं ते तुम्हाला चालेलच असं नाही. चित्रफितींवर मिळणारी जाहिरातींची कमाईही याच प्रश्नात येते.

२१. पदवी झाल्यावर किती दिवस थांबता येतं?

अमेरिकेत ओपीटीवर, म्हणजे शिकलेल्या क्षेत्रात काम करण्याच्या परवानगीवर, १२ महिने आणि ठरावीक विज्ञान-तंत्रज्ञान विषयांना आणखी २४. पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. अर्ज अभ्यासक्रम संपण्याआधी ९० दिवसांपासून नंतरच्या ६० दिवसांपर्यंत करता येतो, आधीच करा. ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा (पीएचडीला तीन), पण १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो (पीएचडी सोडून) १८ महिन्यांचा होणार आहे. तो देशात असतानाच आणि आधीचा व्हिसा संपण्यापूर्वी मागावा लागतो. निकालाआधी घरी परतून तिथून अर्ज करता येत नाही. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने. कॅनडात जास्तीत जास्त तीन वर्षं, आयुष्यात एकदाच.

२२. एकदा व्हिसा नाकारला गेलाय. पुढच्या अर्जात ते लिहायलाच हवं?

हो, दुसऱ्या देशाच्या अर्जातही, विचारलं असेल तर. नकार हा डाग नाही. लपवणं हा आहे. खोटी माहिती दिल्याबद्दल ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत आणि कॅनडात पाच वर्षं बंदी येते.

नकाराचं पत्र शांतपणे वाचा. अमेरिकेतला कायद्याच्या कलम २१४(बी) खालचा नकार म्हणजे शिकून परतण्याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटली नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पण परिस्थितीत काही बदल नसताना पुढच्याच आठवड्यात जाऊन उपयोग नाही. ब्रिटनमध्ये अधिकाऱ्याची चूक वाटत असेल तर देशाबाहेरून २८ दिवसांत फेरतपासणी मागता येते. सत्र निसटणार असेल तर विद्यापीठाला प्रवेश पुढच्या सत्रात ढकलण्याची विनंती त्याच दिवशी पाठवा.

२३. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली, पण अभ्यासक्रम बाकी आहे. मी बेकायदा झालो का?

देशावर अवलंबून आहे, आणि इथे एका देशाचं उत्तर दुसऱ्याला लावून अनर्थ होतात.

अमेरिकेत व्हिसा हा दारातून आत येण्यापुरता असतो. आत राहण्याचा हक्क आय-९४ (देशात शिरल्याची सरकारी नोंद) आणि आय-२० ठरवतात. ते वैध असतील तर व्हिसाचा शिक्का जुना झाला म्हणून तुम्ही बेकायदा होत नाही. पण देशाबाहेर गेलात तर परतताना नवा लागेल. कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांच्या आतली फेरी असेल तर बऱ्याच जणांना सूट मिळते, मात्र काही देशांच्या नागरिकांना आणि तिथे नव्या व्हिसासाठी अर्ज केलेल्यांना नाही. प्रवासाआधी आय-२० वर कार्यालयाची ताजी सही आहे ना, पाहा.

ब्रिटनमध्ये याच्या उलट. तिथे परवानगीची तारीख संपली की राहण्याचा हक्कच संपतो. आता ती ऑनलाइन ई-व्हिसात असते, म्हणून शिक्का शोधू नका, खात्यात जाऊन तारीख पाहा. मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज गेला असेल तर निर्णय येईपर्यंत जुन्या अटींवर राहता येतं. मात्र या काळात देशाबाहेर गेलात तर तो अर्ज मागे घेतला असं धरतात.

जर्मनीतही अर्ज मुदतीच्या आत गेलेला असणं महत्त्वाचं. तो वेळेत असेल तर जुना परवाना निर्णयापर्यंत चालू मानतात आणि तसं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. मोठ्या शहरांत परदेशी नागरिक कार्यालयाची भेट महिनोन् महिने मिळत नाही. म्हणून तीन महिने आधीच ऑनलाइन अर्ज भरा, ती सोय नसेल तर ईमेलने पाठवा, आणि पाठवल्याच्या तारखेचा पुरावा छापून पासपोर्टमध्ये ठेवा.